गल्ल्यामागचा माणूस

आपल्याकडे कुणी घर बांधायला काढले, की लोक सिमेंट कोणते वापरणार हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "माल कुणाकडून घेताय?" सिमेंटच्या पोत्यावर कंपनीचे नाव असते, पाईपवर आयएसआयचा शिक्का असतो, रंगाच्या डब्यावर किंमत छापलेली असते. तरीही माणसाचा विश्वास पोत्यावर बसत नाही, गल्ल्यामागे बसलेल्या माणसावर बसतो. हार्डवेअरचे दुकान आणि त्याचा मालक यांच्याविषयी गिऱ्हाईक काय बोलते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात आपल्या समाजाच्या जगण्याचा बराच भाग दडलेला आहे असे मला वाटते, म्हणून हे लिहितो.

माझे अब्बा रंगारी होते. सांगली, मिरज, माधवनगर या पट्ट्यात त्यांनी चाळीस वर्षे लोकांच्या भिंती रंगवल्या. चुना, डिस्टेंपर, ऑइलपेंट, पुढे प्लास्टिक इमल्शन, असा सगळा प्रवास त्यांच्या हातांनी केला. मी शिकलो, कराडला शिक्षक झालो, पण सुट्टीत त्यांच्याबरोबर लांबी भरायला आणि पॉलिश पेपर घासायला जायचो. त्यामुळे दुकानाच्या फळीच्या दोन्ही बाजू मला माहीत झाल्या.

अब्बांच्या लेखी दुकानाची परीक्षा तीन गोष्टींत होती. पहिली काटा. खिळे, चुका, तार, चुना, काव हा सगळा माल वजनावर. अर्धा किलो खिळ्यांत चार खिळे कमी भरले तर कुणाला कळणार? पण सुताराला कळते. त्याच्या हाताला अर्ध्या किलोचा भार पाठ असतो. दुसरी गोष्ट माल परत घेण्याची. नळाचे काम काढले की एल्बो, टी, सॉकेट दोन-चार जादाच आणावे लागतात. काम झाल्यावर उरलेला माल कुरकुर न करता जो परत घेईल, तो दुकानदार. तिसरी गोष्ट जीभ. बंगलेवाला गाडीतून उतरला की खुर्ची पुढे करायची आणि चिखलाच्या पायांनी शेतकरी आला की "काय पाहिजे रे" म्हणायचे, अशा दुकानात अब्बा पाऊल टाकत नसत.

सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या जुन्या पेठांत हार्डवेअरचे, काचेचे, रंगाचे दुकान म्हटले की बऱ्याचदा दाऊदी बोहरा शेठचे नाव निघायचे. 'बोहरा' हा शब्दच व्यापार करणे या अर्थाच्या गुजराती शब्दावरून आला असे मानतात. बिजागरी, कोयंडा, रहाटाची दोरी, कंदिलाची काच, कुठेच न मिळणारा जुन्या मापाचा स्क्रू, काहीही लागले की लोक म्हणत, "बोहऱ्याकडं बघ, मिळंल." हे म्हणणारे मराठा असत, जैन असत, लिंगायत असत, आपलेही असत. "शेठ पैसा सोडत नाही, पण माल खोटा देत नाही," हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकले त्याला हिशोब नाही. गिऱ्हाइकाने दिलेले हे प्रमाणपत्र आहे. त्यात तक्रारही आहे आणि भरवसाही.

गंमत अशी, की आपल्या मोहल्ल्यात याच शेठबद्दल वेगळा सूर लागे. "ते आपल्यातले कुठे?" त्यांची मशीद वेगळी, टोपी वेगळी, घरात गुजराती. बाहेरच्या जगाला ते आणि आम्ही एकच, आणि आम्हाला मात्र ते परके! अब्बा यावर एवढेच म्हणत, "मेरेकू उनके साथ नमाज थोडीच पढनी है? टर्पेंटाइन लेना है."

या धंद्यात न दिसणारे मालकही असतात. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एक रंगाची कंपनी काढली, तीच पुढची एशियन पेंट्स. युद्धामुळे परदेशी रंगाच्या आयातीवर बंधने आली होती. शहरांतले मोठे विक्रेते जुन्या कंपन्यांनी बांधून ठेवले होते. तेव्हा या मंडळींनी खेड्यांची वाट धरली आणि रंग लहान लहान डब्यांत भरून विकायला काढला. महाराष्ट्रात पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायची असतात. त्यासाठी गॅलनभर रंग कोण घेणार? चिमुकला डबा मात्र शेतकऱ्याला परवडला. आमच्या सांगली-साताऱ्याकडे तो सण बेंदराचा. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवत, त्याच्या जागी डब्यातला लाल-निळा ऑइलपेंट आला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी 'गट्टू' काढला. हातात ब्रश घेतलेला, केस कपाळावर आलेला तो खट्याळ पोरगा दुकानादुकानांवर झळकला. १९६७ पर्यंत ही कंपनी देशातली सर्वांत मोठी रंग कंपनी झाली. २०१३ मध्ये तिचा मोठा कारखाना साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यात सुरू झाला. पण खेड्यातल्या गिऱ्हाइकाला विचारा, मालक कोण? त्याला फक्त गट्टू आठवेल.

मालक दिसत नसला तरी त्याचा हात पोचतो. रंगाच्या डब्यात टोकन असते हे आपल्यातल्या रंगाऱ्यांना सांगायला नको. डबा फोडला की टोकन निघते, त्याचे पैसे किंवा वस्तू रंगाऱ्याला मिळते. घरमालकाला हे बहुधा ठाऊक नसते. तो समजतो, मिस्त्री सांगतो तो रंग चांगला म्हणून सांगतो. अब्बा टोकन घेत, पण डबा घरमालकासमोर फोडत आणि टोकन दाखवून खिशात टाकत. "ये मेरा है, इनकू मालूम रहना." त्यांना वाटे, लपवले की मग सल्ला विकला जातो. दुकानाविषयीची किती मते अशी टोकनावर उभी असतात, कोण जाणे. गवंडी, प्लंबर, सुतार ज्याची शिफारस करतात ते दुकान चालते, आणि त्या शिफारशीची किंमत शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलातूनच निघते.

गिऱ्हाइकाचे मत नेहमी बरोबर असते असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केले, तेव्हा पहिले नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यांनी नांगर वापरलाच नव्हता, तरी मत पक्के होते! पुढे कुणीतरी तो जमिनीत घातला, खोल तास पडले, पीक आले आणि समजूत गेली. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली, आज ती सांगली जिल्ह्यात आहे. न वापरता बनलेले मत वापरल्याने पुसले जाते, याचा हा आमच्या मातीतला दाखला.

मग साखळी दुकानांचा जमाना आला. किशोर बियाणी यांच्या फ्यूचर ग्रुपने २००७ मध्ये 'होमटाउन' सुरू केले. घराला लागणारे सगळे एका छपराखाली, फरशीपासून पडद्यापर्यंत. मुलीच्या घराचे काम निघाले तेव्हा तिच्याबरोबर मी अशाच एका मोठ्या दुकानात गेलो होतो. थंडगार हवा, प्रत्येक वस्तूवर किंमत, घासाघीस नाही. मुलीला ते फार आवडले. ती म्हणाली, "अब्बा, इथं मला कुणी 'तुमच्या मिस्टरांना पाठवा' असं म्हणत नाही." तिचे म्हणणे खरे होते. आमच्या जुन्या दुकानांत एकट्या बाईला नळाची तोटी विकतानाही दुकानदार तिच्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतो. किंमत लिहिलेली असणे हा दुबळ्या गिऱ्हाइकाचा मोठा आधार असतो. पण गणवेशातल्या त्या पोराला मी विचारले, खाऱ्या पाण्याला कोणती तोटी टिकेल? तो बिचारा डब्यावर छापलेले वाचून दाखवू लागला. आमच्या शेठने आधी उलट विचारले असते, "बोअर किती फूट?"

त्या भल्यामोठ्या दुकानांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०२० मध्ये फ्यूचर ग्रुपने आपला किरकोळ व्यापार रिलायन्सला विकण्याचा करार केला, ॲमेझॉनबरोबर कोर्टकज्जे झाले, करार फिसकटला आणि जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बिग बझारच्या पाट्या उतरल्या. बियाणींबद्दल पेपरांत पुष्कळ छापून आले, पण गल्लीतले दुकान बंद पडल्यावर शेजारपाजार हळहळतो तशी हळहळ मला कुठे दिसली नाही. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्यासाठी कोण हळहळणार?

परदेशात याच्या उलटही घडते. अमेरिकेत 'होम डेपो' ही घरबांधणीच्या सामानाची प्रचंड साखळी आहे. बर्नार्ड मार्कस आणि आर्थर ब्लँक यांना आधीच्या नोकरीतून काढून टाकले, तेव्हा त्यांनी १९७८ मध्ये ती उभी केली. पुढच्या वर्षी अटलांटात पहिली दुकाने उघडली. मार्कस २००२ मध्ये निवृत्त झाले. २०१९ मध्ये त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला, आणि त्या दुकानातून खिळाही घेऊ नका अशी हाक काही लोकांनी दिली. कंपनीला सांगावे लागले, की ते आता कंपनीच्या वतीने बोलत नाहीत. २०२४ मध्ये मार्कस वारले. स्वीडनच्या 'आयकिया'चे संस्थापक इंग्वार काम्प्राड यांचे तरुणपणी फॅसिस्ट गटाशी संबंध होते हे १९९४ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यांनी आपल्या कामगारांना पत्र लिहून माफी मागितली. त्यांची दुकाने २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईला उघडली. आपले लोक तिथे रांगा लावून गेले, काम्प्राड कोण हे फारसे कुणी विचारले नाही. मालकाच्या विचारांवरून दुकान टाळणे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण तिथे निदान प्रश्न त्या माणसाने काय म्हटले, काय केले याचा होता.

आपल्याकडे प्रश्न फक्त नावाचा होतो, तेव्हा काय करायचे?

माझ्या मामूंचे पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात हार्डवेअरचे लहानसे दुकान होते. फावडी, घमेली, पीव्हीसी पाईप, मोटरीचे सामान, रंग. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. मामूंच्या गावात काहीच झाले नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी वाईट बोलले नाही. फक्त गिऱ्हाईक येईनासे झाले. दहा रुपयांच्या वॉशरसाठी माणसे तासगावला जाऊ लागली. दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवत. मामू म्हणाले होते, "झगडते तो जवाब देता. अब किसकू जवाब देऊ?"

सुमारे दोन महिन्यांनी एक म्हातारे शेतकरी दुकानात आले. मोटरीचा फुटवॉल गेला होता. गावातल्या पोरांनी त्यांना हटकले, तेव्हा ते म्हणाले, "वीस वर्सं ह्याच्याकडनं घेतोय. एकदा बी लबाडी केली न्हाई. आता काय झालं?" मग एकेक जण परत आला. सगळे आले असे मात्र नाही.

तेव्हाच आपल्यातल्या काहींनी मामूंना सांगितले, की आपणही आपल्याच माणसाकडून माल घ्यायचा, जशास तसे. त्यांच्या मनातली आग मला समजते. पण मामूंचा पाईप जैन व्यापाऱ्याकडून यायचा, सिमेंट मराठा एजंटाकडून आणि गिऱ्हाईक तर सगळ्या गावाचे. "फक्त आपले" असा धंदा आमच्या खेड्यात चार दिवस चालणार नाही. आणि त्यांनी नावावरून दुकान टाळले ते वाईट, आम्ही टाळले ते चांगले, हे कुठल्या तराजूवर मोजायचे? काट्यात मारणाऱ्याला कुराणात किती कडक इशारा दिला आहे ते आपण जाणतो. तो इशारा मला तरी मत देणाऱ्यालाही लागू वाटतो. मतातही माप मारता येते.

त्या मापाची खरी परीक्षा पुराने घेतली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. मामूंच्या दुकानात छतापर्यंत पाणी होते. ते ओसरले तेव्हा सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले होते, पाईप वाहून गेले होते, खिळ्यांच्या पेट्यांत गंजाचा एकच गोळा. आणि उधारीची वही लगदा होऊन पडली होती.

त्या दिवसांत ताडपत्री, फावडी, खराटे, मोटरी यांना अशी मागणी आली की विचारू नका. एका दुकानाने ताडपत्रीचा भाव रातोरात दुप्पट केला. दुसऱ्याने गोदामातला माल जुन्याच भावाने विकला आणि पैसे नसणाऱ्याला नाव लिहून दिला. त्या दोघांची जात-धर्म मी इथे सांगत नाही. सांगितले तर वाचणारा लगेच आपल्या मनातला हिशोब पुरा करील, आणि तेच मला नको आहे. एवढेच सांगतो, की लोक आजही त्या दोन दुकानांविषयी बोलतात ते त्या आठवड्यावरून बोलतात.

मामू चिखल काढत असताना एकेक गिऱ्हाईक येऊ लागले. "भाई, माझं आठराशे ऱ्हायलं हुतं. ऊस गेला की देतो." दुसरा म्हणाला, "पाईपाचं सव्वीसशे. तुमी लिवून घ्या." नव्या वहीत मामूंनी ते लिहून घेतले. तीन-चार आठवड्यांत पन्नास-साठ माणसे अशी येऊन आपला आकडा सांगून गेली. त्यांत २००९ मध्ये मान वळवून जाणारेही होते. जे आले नाहीत त्यांत दोघे-तिघे असे होते, की ईदला मामूंच्या गळ्यात गळा घालत. मामूंनी त्यांना कधी विचारले नाही. वही नव्हती, विचारणार कशाच्या जोरावर? तोवर मला वाटायचे की मत फक्त गिऱ्हाईक देते. त्या वेळी कळले, की दुकानदारही गिऱ्हाइकाविषयी मत बाळगून असतो, फक्त तो ते बोलून दाखवत नाही.

मामू २०२१ च्या पुरानंतर थकले आणि पुढच्या वर्षी गेले. दुकान त्यांचा मुलगा चालवतो. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला, दुकाने आणि गाड्या जाळल्या गेल्या. त्यानंतर कितीतरी गावांत आपल्या दुकानदारांनी शटर अर्धे ओढून बसायची सवय लावून घेतली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात कावडयात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांनी मालकाचे नाव ठळक लावावे असा हुकूम निघाला. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. गिऱ्हाइकाला मालकाचे नाव कळावे, हे वरून किती साधे वाटते! अब्बांनाही मालक कोण ते कळायला हवे असायचे. पण त्यांना ते काट्यासाठी हवे होते.

मामेभावाला या सगळ्यात सल्ले पुष्कळ मिळाले. बोर्ड जुना झालाच आहे, नव्या बोर्डावर वडिलांचे नाव नको, गावाचे किंवा नदीचे नाव घाल, धंद्याला बरे पडेल. सल्ला देणारे आपलेच होते, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्याला पोरेबाळे पोसायची आहेत त्याने असे नाव बदलले तर मी त्याला दोष देणार नाही. मामेभावाने दोन-तीन आठवडे विचार केला. मलाही फोन केला. मी काही सांगितले नाही, कारण तिथे शटर त्याला उघडायचे होते, मला नाही.

शेवटी त्याने मामूंचे नाव ठेवले. खाली जीएसटी नंबर, फोन नंबर आणि एक ओळ घातली: 'उरलेला माल बिलासह परत घेतला जाईल.' बोर्ड रंगवायला गावातलाच रंगारी बोलावला, लोहाराचा मुलगा. रंग दुकानातलाच वापरला. डबा फोडल्यावर टोकन निघाले, ते त्याने पुसून त्या पोराच्या हातात दिले.